रक्ताच्या कर्करोगावरची अँटिबॉडी सलाईनमध्ये कशी आली

लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींमध्ये वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला पहिल्यांदा रिटुक्सिमॅब हे अँटिबॉडीचं औषध चढवताना ड्रिप अगदी संथ ठेवतात, तासाला फक्त ५० मिलिग्रॅम. आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध दिलेलं असतं. त्रास झाला नाही तर दर अर्ध्या तासाने वेग वाढवत ४०० पर्यंत नेतात. तरीही पहिल्या वेळी अनेकांना हुडहुडी भरते, ताप चढतो. मग ड्रिप थांबवायची, पांघरूण घालायचं, थंडी ओसरली की निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करायची. रुग्ण घाबरतो, सोबत आलेले त्याहून जास्त. पण पुढच्या डोसना सहसा एवढा त्रास होत नाही, हे त्यांना आधीच सांगायला हवं. औषध प्रथिनाचं आहे, पोटात गेलं तर पचून जाईल. म्हणून ते शिरेतून देतात.

अँटिबॉडीने रोगाशी लढायची कल्पना तशी जुनी. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवलं की घटसर्प आणि धनुर्वाताविरुद्ध तयार झालेल्या प्राण्याच्या रक्तद्रवाने दुसरा प्राणी वाचवता येतो. त्या द्रवात प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला नेमकं ओळखून चिकटणारी प्रथिनं, अर्थात अँटिबॉडी होत्या. नेमका रोगावरच जाऊन बसणारा रामबाण मिळावा, हे स्वप्न पॉल एर्लिश यांनी तेव्हापासून पाहिलं. अडचण एकच, पण मोठी होती. रक्तद्रवात असंख्य तऱ्हेच्या अँटिबॉडी एकत्र असतात. हवी ती एकच, शुद्ध आणि भरपूर कशी मिळवायची?

उत्तर १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये सापडलं. अँटिबॉडी बनवणारी पेशी शरीराबाहेर फार दिवस टिकत नाही. उलट मायलोमा या कर्करोगाची पेशी मरायचं नाव घेत नाही. जॉर्ज केलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली पेशी आणि उंदराच्याच मायलोमाची पेशी एकमेकींत मिसळली. त्या जोडपेशीने एकाच प्रकारची अँटिबॉडी अखंड बनवायला सुरुवात केली. मायलोमा हा स्वतःच रक्ताचा कर्करोग. त्याचा न मरण्याचा दुर्गुण वापरून त्याच्या जातीच्या रोगांवरचं औषध उभं राहिलं, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतं. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं.

रुग्णापर्यंत पोचायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली. १९८० मध्ये बोस्टनमध्ये ली नॅडलर यांच्या गटाने लिम्फोमाच्या एका रुग्णाला अशी अँटिबॉडी दिली. परिणाम टिकला नाही. स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड लेव्ही यांच्या गटाने प्रत्येक रुग्णाच्या गाठीसाठी वेगळी अँटिबॉडी बनवली. एका रुग्णाचा आजार पूर्ण ओसरला आणि १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण दरवेळी नवं औषध घडवणं हा काही सगळ्यांना पुरणारा मार्ग नव्हता. शिवाय अँटिबॉडी उंदराची. माणसाचं शरीर तिलाच परकी समजून उलटायचं.

दोन गोष्टींनी वाट मोकळी केली. पहिली, संकरित अँटिबॉडी: टोक उंदराचं, बाकी सगळी माणसाची. दुसरी, सीडी२० हे बी पेशी या पांढऱ्या पेशींवरचं चिन्ह. ते बहुतेक बी पेशींच्या लिम्फोमांवर असतं, पण रक्ताच्या मूळपेशींवर नसतं. त्यामुळे औषधाने रोगी पेशींबरोबर निरोगी बी पेशीही गेल्या, तरी काही महिन्यांत नव्या उगवतात. रिटुक्सिमॅब या दोन्हींचं फळ. मुख्य चाचणीत १६६ रुग्णांना आठवड्याला एक असे चार डोस दिले आणि ४८ टक्क्यांना गुण आला. २६ नोव्हेंबर १९९७ ला अमेरिकेत मान्यता मिळाली.

खरी कलाटणी २००२ मध्ये. फ्रान्समध्ये बर्त्रां क्वाफिए यांच्या गटाने ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांचा अभ्यास मांडला. नेहमीच्या केमोसोबत रिटुक्सिमॅब दिलेल्यांपैकी ७० टक्के दोन वर्षांनी हयात होते, नुसत्या केमोवर ५७ टक्के. त्या वयाच्या माणसांसाठी हा फरक फार मोठा होता. धोकाही पुढे कळला: शरीरात दबलेला हिपॅटायटिस बी डोकं वर काढू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी ती तपासणी चुकवायची नसते.

पुढे औषधांची रांग लागली, पण सगळं सरळ झालं नाही. तीव्र ल्युकेमियावरचं, अँटिबॉडीला विष जोडलेलं जेमटुझुमॅब २००० मध्ये आलं, २०१० मध्ये मागे घेतलं गेलं आणि २०१७ मध्ये कमी मात्रेत परतलं. २०१४ मधलं ब्लिनाटुमोमॅब एका हाताने कर्करोगाची पेशी धरतं, दुसऱ्याने टी पेशी, म्हणजे शरीराचीच रोगी पेशी मारणारी पांढरी पेशी. ते एका चक्रात सलग २८ दिवस चढवतात.

आणि ज्या मायलोमाच्या पेशीपासून हे सुरू झालं, त्या आजारावरची पहिली अँटिबॉडी २०१५ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली: डाराटुमुमॅब. ती सीडी३८ ला चिकटते. हे चिन्ह थोडंसं तांबड्या पेशींवरही असतं, त्यामुळे नंतर रक्त जुळवण्याची चाचणी फसवी येते. म्हणून पहिला डोस चढवण्याआधीच रुग्णाच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीत पाठवतात.