पूर ओसरला तरी मांजर चाटतच राहतं

पोटावरचे, मांड्यांच्या आतले केस उडालेलं मांजर दिसलं की हल्ली घरोघरी एकच निदान होतं: त्याला टेन्शन आलंय. कातडी लाल नाही, जखम नाही, नुसते केस गेलेले, आणि मांजर तासन्‌तास तीच जागा चाटत बसलेलं. ताणामुळे असं होतं, हे खरं आहे. पण ताण हे शेवटचं निदान असावं, पहिलं नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

२००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या नियतकालिकात २१ मांजरांचा अभ्यास छापून आला. या सगळ्यांचे केस मानसिक ताणानेच गेले असावेत, असा अंदाज होता. नीट तपासल्यावर त्यांतल्या १६ मांजरांना शरीराचाच आजार निघाला, आणि त्यात सर्वांत जास्त सापडली ती खाण्याची अ‍ॅलर्जी. ३ मांजरांत आजार आणि ताण दोन्ही होते. निव्वळ ताणामुळे चाटणारी मांजरं होती फक्त २.

आपल्याकडे पहिला संशय घ्यायचा तो पिसवांचा. "आमच्या मांजराच्या अंगावर एकही पिसू नाही," असं सांगणारे खोटं बोलत नसतात; मांजराने त्या गिळलेल्या असतात. त्याच्या जिभेवर मागे वळलेले सुमारे २९० काटे असतात. त्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळाशी पोचते, हे २०१८ साली जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं. ही जीभ किती कामाची असते? पिसवा असलेल्या घरात काही मांजरांच्या गळ्यात तीन आठवडे तोंड अंगापर्यंत पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर घालून त्यांचं चाटणं बंद केलं, तर त्यांच्या अंगावर इतर मांजरांच्या दुप्पट पिसवा झाल्या. तेव्हा पिसू शोधू नका, तिची विष्ठा शोधा. बारीक दातांच्या फणीने पाठ आणि शेपटीचं मूळ विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. विटकरी डाग उमटला तर ते पचलेलं रक्त आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या मांजराला मोजक्या पिसवांचे चावेही पुरतात.

दुसरी शंका दुखण्याची. मूत्राशयाला सूज असेल तर मांजर ओटीपोट चाटून चाटून तुळतुळीत करतं. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि त्यात जीव जातो. घरची पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, ती मांजराला विषासारखी आहे. कुत्र्यासाठीच्या पिसवांवरच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, तेही मांजराला घातक.

हे सगळं तपासून झालं आणि काही सापडलं नाही, की मग ताणाकडे वळायचं. पळावं की थांबावं हे ठरत नाही तेव्हा मांजर अंग चाटायला लागतं. तेवढ्यापुरतं ते शांत होतं. अडचण रोजचीच झाली की चाटणंही रोजचं होतं, आणि पुढे कारण संपलं तरी सवय उरते.

सांगलीत ताणाचं हे कारण दर काही वर्षांनी पुराच्या रूपाने दारात येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इकडची माणसं सामान उचलून विश्रामबागेत किंवा मिरजेत नातेवाइकांकडे जातात. तिथे मांजराला खोली परकी, माणसं परकी, कधी दुसरं मांजरही असतं. पण मला जास्त काळजी वाटते ती परतल्यानंतरची. मांजर आपलं घर वासावरून ओळखतं. चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासून त्याने तिथे आपल्या खुणा ठेवलेल्या असतात. पूर ओसरल्यावर आपण गाळ काढतो, फिनेल आणि ब्लीचिंग पावडरने भिंती-फरशा घासतो, गाद्या फेकतो. ते करावंच लागतं. मांजराच्या दृष्टीने मात्र ते घर आता त्याचं राहिलेलं नसतं. शिवाय फिनेलमधली फिनॉलं त्याच्या यकृताला झेपत नाहीत, आणि फरशीवरून पंजाला लागलेलं ते चाटूनच पोटात घेतं. फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

अशा मांजराला आधी लपायला जागा हवी. २०१४ साली नेदरलँड्समध्ये प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेल्यांचा ताण लवकर उतरला. पुठ्ठ्याचं एक खोकं आडवं ठेवायचं, तोंड भिंतीकडे. माळ्यावर किंवा कपाटावर चढता येईल अशी सोय करायची. खाण्याच्या वेळा बदलायच्या नाहीत, लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) खाण्यापासून लांब ठेवायचा, घरात दोन मांजरं असतील तर भांडी आणि ट्रे वेगवेगळे. रोज ठरल्या वेळी दोरीला पीस बांधून थोडा खेळ घ्यायचा. चाटताना ओरडू नका, उचलूनही घेऊ नका. ओरडण्याने ताण वाढतोच. गळ्यात कॉलर घातल्याने जखम वाचते, कारण जात नाही. इतकं करूनही फरक नसेल तर ताणावरची औषधं असतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची आणि मनाने एकदम थांबवायची नाहीत. केस भरून यायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून दर आठवड्याला त्याच जागेचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. प्रकरण अवघड वाटलं तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

नदीकाठी राहत असाल तर मांजर न्यायचा पिंजरा मेअखेरीसच माळ्यावरून काढा आणि दार उघडं ठेवून घरात राहू द्या. त्याच्या झोपण्याचं जुनं फडकं आत घाला, न धुता. पाणी वाढायला लागल्यावर धरपकड करावी लागणार नाही, आणि नातेवाइकांच्या घरी त्याच्या ओळखीचा निदान एक वास सोबत असेल. परत येतानाही ते फडकं तसंच आणायचं; बाकी सगळं घर धुऊन काढा, ते तेवढं धुऊ नका.