हिवाळी आरोहण, स्कॉटलंडमधील

स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस (१,३४५ मी.), ग्लेन्को, केर्नगॉर्म, टॉरिडन इ. डोंगरभागांत हिम व बर्फ यांनी वेढलेल्या कड्यांवर आणि नाळांतून केले जाणारे आरोहण. हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल. प्रस्तुत नोंदीत हंगामारंभीची, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंतची स्थिती आणि दूरच्या कड्यांपर्यंतची वाटचाल यांचा प्रामुख्याने विचार केला आहे. मराठीत ‘हिम’ आणि ‘बर्फ’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. येथे भुसभुशीत पडते ते हिम आणि गोठून घट्ट होतो तो बर्फ, असा भेद पाळला आहे. कड्यातील उभ्या खाचेसाठी सह्याद्रीत रूढ असलेला ‘नाळ’ हा शब्द चपखल बसतो, म्हणून तोच घेतला आहे. विशेषनामे मात्र मूळचीच ठेवली आहेत.

बर्फाची घडण : बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा होती व तेथे रात्रंदिवस दर तासाला नोंदी घेतल्या जात. त्यांवरून माथ्याचे सरासरी वार्षिक तापमान शून्याच्या किंचित खाली (सु. −०·३° से.) भरते. येथील बर्फाचे मर्म या आकड्यात आहे. आल्प्समध्ये किंवा कॅनडात धबधबे आणि झरे गोठून बर्फाचे खांब उभे राहतात. स्कॉटलंडमध्ये असा बर्फ दीर्घ थंडीत होतो खरा, पण मोठ्या नाळांतील बर्फ बहुतांशी हिमापासून बनतो. अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार, ओल्या वाऱ्याने हिम वितळते, पावसाने भिजते, वारा फिरला की गोठते. अशी अनेक आवर्तने झाल्यावर त्याचा चिवट, एकजीव थर बनतो. त्यामुळे नुसती कडाक्याची थंडी पडून भागत नाही. मधूनमधून ऊबही पडावी लागते. उत्तम बर्फ फेब्रुवारीनंतर मिळतो तो यामुळेच.

हंगामारंभीचा पांढरा कडा म्हणूनच फसवा असतो. ढगातील शून्याखाली जाऊनही न गोठलेले जलकण खडकावर आदळताच गोठतात आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून पिसांसारखे वाढतात. हा लेप दिसायला जाड असतो, पण हाताने खरवडला तरी निघतो व खाली कोरडा खडक लागतो. या दिवसांतले आरोहण त्यामुळे मिश्र स्वरूपाचे : बर्फकुऱ्हाडीचे पाते खडकाच्या फटीत अडकवायचे नाहीतर गोठलेल्या गवताळ मातीत रुतवायचे. माती गोठली आहे की नाही हे पहिल्याच घावात समजते. गोठली असेल तर पाते ‘ठक्’ वाजून बसते आणि अंगाचा भार टाकला तरी हलत नाही. नसेल तर सुरी चिखलात जावी तसे जाते आणि ओढताच मुळांसकट काळा गोळा हातात येतो. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गारठा आणि मग हिम पडले तर माती गोठलेली राहते. आधी जाड हिम पडले तर ते गोधडीसारखे काम करते आणि खालची ऊब आठवडेच्या आठवडे टिकते. बाहेर उणे आठ अंश असताना आत चिखल, ही परिस्थिती नोव्हेंबरात नवलाची नाही. या मातीतच सॅक्सिफ्रेज या लहान फुलझाडाच्या दुर्मिळ आर्क्टिक-आल्पीय जाती वाढतात, त्यामुळे न गोठलेल्या मातीवर चढू नये हा संकेत केवळ सुरक्षिततेपुरता नाही.

कोणत्या चढाईला ‘हिवाळी’ म्हणावे याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे कडा पांढरा दिसला आणि माती गोठली की पुरे. दुसऱ्या मताप्रमाणे मार्गाच्या स्वरूपानुसार, म्हणजे नाळेत बर्फ आणि खडकाळ धारेवर हिमलेप, अशी वेगवेगळी कसोटी लावली पाहिजे. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कोरड्या काळ्या खडकावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) घासत केलेली चढाई मात्र दोन्ही पक्ष नाकारतात.

इतिहास : स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबची स्थापना १८८९ मध्ये झाली. बेन नेव्हिसवरील टॉवर रिजची पहिली हिवाळी चढाई १८९४ मध्ये नॉर्मन कोली व त्याच्या सहकाऱ्यांनी केली. हाच कोली पुढच्या वर्षी इंग्लिश गिर्यारोहक ममरी याच्याबरोबर नंगा पर्बतवर होता. बेन नेव्हिसवरील ग्रीन गली या नाळेच्या पहिल्या चढाईचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. हॅरॉल्ड रेबर्न (१९२१ च्या एव्हरेस्ट टेहळणी मोहिमेतील आरोहणप्रमुख) आणि त्याचा स्विस जोडीदार फिल्डियस यांनी ही नाळ एप्रिल १९०६ मध्ये चढली, असे आता सामान्यतः मानले जाते. दीर्घकाळ मात्र पहिल्या चढाईचे श्रेय स्कॉटिश आरोहक जे. एच. बी. बेल याच्या १९३७ मधील चढाईला दिले जाई. लांब दांड्याच्या एकाच कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत इतक्या उभ्या बर्फावर १९०६ मध्ये कोणी गेले असेल, हे पुढच्या पिढीला पटणे कठीण गेले असावे.

पायऱ्या खोदण्याची ही पद्धत बेन नेव्हिसवरीलच झिरो गली (१९५७) आणि १९६० मधील स्मिथ व मार्शल यांच्या ओरायन फेस डायरेक्टसारख्या चढायांपर्यंत टिकून होती. वास्तविक पुढे दाते असलेले क्रॅम्पॉन इटलीतील कुर्मायर येथील ग्रीव्हेल घराण्याने १९२९ च्या सुमारास बनवले होते (काही ठिकाणी १९३२ असे वर्ष आढळते, आधीचे वर्ष अधिक ग्राह्य). मात्र उभ्या बर्फात ओढ घेऊनही न निसटणारे पाते हाती आल्याशिवाय त्यांचा पुरता उपयोग नव्हता. अमेरिकन शुइनार्डचे वक्र पाते (१९६६ नंतर) आणि स्कॉटिश हेमिश मकिनिसची, खाली तीव्र कललेल्या पात्याची आखूड कुऱ्हाड ‘टेरोडॅक्टिल’ (सु. १९७०) यांनी तो प्रश्न सोडवला.

वाटचाल : बेन नेव्हिसच्या उत्तर कड्याकडे टॉर्लंडीहून ऑल्ट अ व्हुलिन (गिरणीचा ओढा) या ओढ्याकाठाने जातात. सु. ६८० मी. उंचीवरील सी. आय. सी. झोपडीपर्यंत दोन-अडीच तास व पुढे कड्याच्या पायथ्यापर्यंत आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. ही झोपडी १९२९ मध्ये, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मरण पावलेल्या चार्ल्स इंग्लिस क्लार्कच्या स्मरणार्थ त्याच्या आईवडिलांनी बांधली. ती कुलूपबंद असते. डिसेंबरअखेर येथे दिवस सात तासांहूनही लहान असतो, म्हणून जाणे-येणे बहुधा डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडातच होते. पायवाटेच्या खालच्या भागात या दिवसांत बर्फ नव्हे तर दलदल असते. भिजलेले बूट वर जाऊन गोठतात, ही मार्गदर्शिकांत क्वचितच आढळणारी माहिती.

टॉरिडनमधील बेन एयवरचा कोरे व्हिक एराखर हा कडा याहून एकाकी आहे. खाली वालुकाश्म, वर क्वार्ट्‌झाइट अशी त्याची रचना असून लिअगाख व बेन एय या डोंगरांमधल्या खिंडीतून पोहोचण्यास अडीच-तीन तास लागतात.

हिमस्खलनाचा धोका हिम थोडे असतानाही असतो. वाऱ्याने नाळेच्या तोंडाशी साचवलेला थर पुरेसा ठरतो. स्कॉटिश हिमस्खलन माहिती सेवा सहा विभागांसाठी रोज अंदाज देते, पण तो साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून. त्याआधी आरोहकाला स्वतःच खोदून पाहावे लागते. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्म पठारावर पाच शालेय विद्यार्थी व त्यांच्या सोबतची एक तरुण साहाय्यक हिमवादळात मरण पावले. पठारावरील छोट्या निवाऱ्याकडे ते निघाले होते, पण तो त्यांना गाठता आला नाही. असे निवारे असावेत की नसावेत यावर त्यानंतर बराच वाद झाला आणि अखेर उंचावरचे निवारे काढून टाकण्यात आले.