टर्मिनल एम्युलेटर (सुरुवातीचे वैयक्तिक संगणक)

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे घरच्या किंवा कचेरीतल्या छोट्या संगणकाला दूरच्या मोठ्या संगणकाचे टर्मिनल (त्याच्याशी जोडलेले पडदा-कीबोर्डचे यंत्र) बनवणारा प्रोग्रॅम. १९८०च्या दशकात ही नक्कल बहुधा डीईसी कंपनीच्या व्हीटी१०० (१९७८) या टर्मिनलची केली जाई. एस्केप, उघडा चौकटी कंस, २ आणि जे अशी चार अक्षरे आली की त्याचा पडदा पुसला जाई. हे न कळणारा प्रोग्रॅम तोच संकेत कचऱ्यासारखा पडद्यावर छापत सुटे.

काही यंत्रांची इथेच पंचाईत होई. होस्ट, म्हणजे पलीकडचा मोठा संगणक, ८० रकाने आणि २४ ओळी गृहीत धरी. मूळ ॲपल टू आणि कमोडोर ६४ यांच्या पडद्यावर रकाने ४०च. आयबीएम पीसीकडे उलट २५ ओळी होत्या. उरलेल्या एका ओळीत बॉड रेट (लाइनीचा वेग) वगैरे दाखवण्याची सोय झाली.

‘व्हीटी१०० चालते’ असे बरेच प्रोग्रॅम सांगत. खरे-खोटे कळे ते शेवटच्या रकान्यात. ८०वे अक्षर उमटल्यावर मूळ टर्मिनलचा कर्सर तिथेच थबकतो आणि पुढचे अक्षर आले तरच खाली उतरतो. नक्कल करणारा लगेच उतरला, की एडिटरमधल्या ओळी एकेकीने घसरायच्या. कीबोर्डचा घोळ निराळाच: व्हीटी१००वरच्या पीएफ१ ते पीएफ४ या कळा पीसीवर नव्हत्याच, म्हणून त्यांचे काम बहुधा एफ१ ते एफ४ कडे दिले जाई.

कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली सुरू झालेले कर्मिट (फाइल पाठवण्याची पद्धत आणि तिचे प्रोग्रॅम; नाव मपेट्स या बाहुल्यांमधल्या बेडकाचे) या कसोटीला चांगले उतरे. त्याच्या डॉस आवृत्तीत पुढे व्हीटी३२० हे डीईसीचे नंतरचे टर्मिनल आणि टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या टर्मिनलांवरील आलेख यांचीही नक्कल आली. फाइल पाठवण्यात मात्र त्याचे जुने, लहान पॅकेटांचे (एका वेळी पाठवायच्या तुकड्यांचे) रूप संथ होते. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा फाइल पाठवण्याचा संकेत एक्समोडेम (१९७७) १२८ बाइटांचे ठोकळे पाठवी, पण त्याला आठ बिटांची मोकळी लाइन लागे. सात बिटांच्या लाइनीवर कर्मिटच कामी येई.

अँड्र्यू फ्लुगेलमन यांच्या पीसी-टॉकने १९८२ मध्ये ‘वापरा, वाटा, आवडले तर पैसे पाठवा’ ही पद्धत आणली. त्याच वाटेने आलेले प्रोकॉम आणि टेलिक्स बुलेटिन बोर्डवाल्यांचे (फोनवरून जोडून निरोप व फाइली देवाणघेवाण करणाऱ्यांचे) लाडके. त्यांना फोन नंबरांची यादी आणि पीसीचे रंग हवे असत. व्हीटी१००शी काटेकोर इमान राखण्याची फारशी फिकीर नसे. आयबीएम मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या ३२७० टर्मिनलसाठी तर नुसता प्रोग्रॅम सहसा पुरत नसे. कोॲक्स केबल जोडायला इर्मासारखे कार्ड पीसीत बसवावे लागे.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या शेल खात्यात फक्त मजकूर दिसे. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या कित्येकांनी पहिली ई-मेल मोडेमची किरकिर ऐकत अशाच प्रोग्रॅममधून वाचली.