तो रंगीत नकाशा म्हणजे रेडलायनिंग नव्हे

अमेरिकेतल्या रेडलायनिंगबद्दल, म्हणजे वस्ती पाहून घरकर्ज नाकारण्याच्या प्रथेबद्दल, कुणीही लिहिलं की सोबत तोच नकाशा येतो आणि खाली तीच ओळ: सरकारने वस्ती लाल रंगवली, म्हणून बँकांनी कृष्णवर्णीयांना कर्ज नाकारलं. नकाशात शहरातल्या वस्त्या कर्जाच्या जोखमीनुसार रंगवलेल्या असतात: हिरवी सर्वांत सुरक्षित, मग निळी, पिवळी आणि लाल सर्वांत धोक्याची.

माझा आक्षेप आहे तो दोन सरकारी संस्था एकच समजण्याला.

नकाशे काढले होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने. महामंदीत हप्ते थकून घरं जप्तीला लागली, तेव्हा १९३३ साली ही संस्था निघाली. १९३६पर्यंत तिने सुमारे १० लाख कर्जं दिली. नकाशे १९३५ ते १९४० या काळातले, म्हणजे बहुतेक पैसा आधीच वाटून झाला होता. पुढे लाल रंगवलेल्या वस्त्यांतही तो गेला होता, कृष्णवर्णीय कुटुंबांनाही मिळाला होता.

फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, १९३४ची. ती स्वतः कर्ज देत नसे; बँकेने दिलेलं कर्ज बुडालं तर भरपाईची हमी देई. या हमीमुळेच हाताशी थोडे पैसे असलेल्या नोकरदाराला लांब मुदतीच्या हप्त्यांवर नवं घर घेता येऊ लागलं. हमी कुणाला नाही, हे तिच्या अधिकाऱ्यांच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं होतं: वस्तीत ‘विसंगत वंशगट’ शिरू नयेत, त्यासाठी खरेदीखतातच वांशिक अटी घालाव्यात. त्यासाठी त्या रंगीत नकाशाची गरज नव्हती. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरने कृष्णवर्णीय वस्तीला लागून सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली. तेव्हा कुठे पलीकडच्या गोऱ्यांच्या घरांना एफएचएची हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे.

सगळेजण नुकसान लाल तुकड्यांत शोधतात, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. मोठं नुकसान झालं नकाशाबाहेरच्या शेतजमिनींवर. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७पासून बटाट्याच्या शेतांत १७ हजारांवर घरं उठली, एफएचएच्या हमीवर आणि फक्त गोऱ्यांसाठी. त्या घरांच्या वाढत्या किमतीवर मुलांची शिक्षणं झाली, वारसाहक्काने पैसा पुढे गेला. १९६८च्या कायद्याने घरविक्रीतला वंशभेद बेकायदा ठरवला, पण तोवर त्या घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या होत्या.

नकाशा निरुपयोगी नाही. १०८ शहरांच्या २०२०च्या अभ्यासात लाल भाग हिरव्या भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेले आढळले. तिथे झाडं लावलीच पाहिजेत. पण केवळ लाल तुकडे सुशोभित केले की भाडं वाढतं आणि ज्यांनी सोसलं तेच भाडेकरू बाहेर पडतात. म्हणून आधी तिथली जमीन सामुदायिक न्यासाच्या, म्हणजे वस्तीसाठी जमीन राखून ठेवणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात द्यावी, मग बागा कराव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आणि उपनगरांची दारं उघडावीत. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी तिथल्या माउंट लॉरेल या गावाचं नाव ऐकलं असेल. १९७५ साली या गावाविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वाढत्या गावांनी आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिलीच पाहिजेत. खुद्द माउंट लॉरेलमध्ये त्या खटल्यातून उभ्या राहिलेल्या घरांत पहिली कुटुंबं राहायला आली, ती २०००च्या सुमारास.