ईप्रोसेस

विंडोज एनटी घराण्यातील कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रत्येक प्रोसेसची (चालू असलेल्या प्रोग्रॅमची) जी नोंद आपल्या मेमरीत ठेवते, तिचे नाव ईप्रोसेस. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत ती नावापुरती भेटते. आतले रकाने छापलेले नाहीत. तरीही ती गुपित म्हणता येत नाही, कारण आतल्या रकान्यांची नावे व जागा सांगणाऱ्या सिम्बॉल फाइली कंपनीच पुरवते आणि विनडीबीजी या डीबगरमध्ये (प्रोग्रॅमच्या आत डोकावण्याच्या साधनात) एका आज्ञेत सगळे रकाने ओळीने दिसतात. ते पुढच्या आवृत्तीत त्याच जागी असतील, एवढीच हमी कोणी देत नाही.

नोंदीच्या आरंभी केप्रोसेस ही शेड्युलरच्या, म्हणजे प्रोसेसरवर कोणाची पाळी ते ठरवणाऱ्या भागाच्या, कामाची लहान संरचना असते. पुढे प्रोसेस क्रमांक, सुरक्षा टोकन (प्रोसेसचे अधिकार सांगणारे), मेमरीचा नकाशा वगैरे. नावाचा रकाना विंडोज ७ पासून १५ बाइटांचा आहे, म्हणून लांब नावे शेपूट तुटलेली दिसतात. नवखे त्यावरूनच व्हायरसचा संशय घेतात.

खरी गंमत साखळीत आहे. प्रत्येक नोंदीत मागच्या व पुढच्या नोंदीचा पत्ता असतो. गिरगावातल्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला फक्त डावा आणि उजवा शेजारी माहीत असावा, तसे. दोन्ही शेजाऱ्यांनी मधल्याला वगळून परस्पर एकमेकांचे पत्ते लिहून घेतले, तर दारोदार विचारत जाणाऱ्याला मधले बिऱ्हाड सापडणारच नाही. दूधवाला मात्र तिथे रोज दूध घालतो, कारण त्याची वही वेगळी. शेड्युलरही प्रोसेसची ही साखळी न पाहता थ्रेडच्या, म्हणजे प्रोसेसमधल्या कामाच्या धाग्यांच्या, रांगा पाहतो, त्यामुळे दडवलेली प्रोसेस सुखाने चालू राहते. एफयू या रूटकिटने (प्रणालीत लपून राहणाऱ्या घुसखोर प्रोग्रॅमने) हीच युक्ती वापरली. ६४-बिट विंडोजमध्ये २००५ पासून असलेला पॅचगार्ड कर्नलच्या महत्त्वाच्या संरचनांत ढवळाढवळ आढळली की ब्लू स्क्रीन आणून यंत्रच थांबवतो. तपास करणारे साखळीवर विसंबत नाहीत. व्होलॅटिलिटीसारखे साधन मेमरीची प्रत सरसकट चाळून प्रोसेसच्या खुणेचे तुकडे गोळा करते आणि साखळीतल्या यादीशी ताडून पाहते. जो तुकडा यादीत नाही, तो एक तर संपलेल्या प्रोसेसचा असतो, नाही तर दडवलेल्या.

चाळ पाडून टॉवर उभा राहिला की ‘जिन्यापासून तिसरी खोली’ हा पत्ता कुचकामी ठरतो. ३२-बिट एक्सपीमध्ये साखळीचा रकाना आरंभापासून १३६ बाइटांवर होता. ६४-बिट आवृत्त्यांपैकी विंडोज ७ मध्ये तो ३९२ वर, विंडोज १० च्या ‘२००४’ नावाच्या आवृत्तीत (हे वर्ष नव्हे) १०९६ वर गेला, आणि विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये चक्क मागे, ४७२ वर आला. आकडा कोडमध्ये कोरून ठेवणारा ड्रायव्हर (कर्नलमध्ये चालणारा जोड-प्रोग्रॅम) अशा वेळी भलत्याच बाइटांना हात घालतो.

क्रमांक हवा असेल तर पीएसगेटप्रोसेसआयडी हे अधिकृत फंक्शन आहे. साखळीच हवी असणारे लोक जुना तोडगा काढतात: सिस्टिम प्रोसेसचा क्रमांक ४ असतो, तेव्हा तिच्या नोंदीत ४ शोधायचा आणि त्याच्या लगतचा रकाना तपासायचा. वरच्या चारही आवृत्त्यांत क्रमांक आणि साखळी यांचा शेजार सुटलेला नाही.