सूर्योदयाचे निसर्गछायाचित्रण : एक्स्पोजर आणि फिल्टर (नाशिक परिसर)

तांबडे फुटते तेव्हा आभाळ उजळलेले असते आणि जमीन अजून अंधारातच असते. डोळा क्षणोक्षणी जुळवून घेत असल्याने आपल्याला दोन्ही नीट दिसते. कॅमेऱ्याला मात्र एका फ्रेमसाठी एकच एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेल्या प्रकाशाचे एकच प्रमाण, मिळते. आभाळ धरावे तर जमीन काळीठिक्कर पडते, जमीन धरावी तर आभाळ पांढरेफटक होते. हा फरक किती आहे ते मोजणे आणि तो फिल्टरने किंवा एकाहून अधिक फ्रेम घेऊन भरून काढणे, हे या तंत्राचे मर्म. फरक स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. नाशिकजवळ धरणाचे सपाट पाणी, सातमाळ डोंगररांगेचे कातळकडे आणि निफाडकडचे धुके अशी तीन अगदी वेगळी क्षितिजे मिळतात. प्रत्येकाला वेगळा फिल्टर लागतो आणि काही ठिकाणी कोणताच लागत नाही.

अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राची छायाचित्रे करताना आभाळ एका निगेटिव्हवर, पाणी दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन दोन्ही एका कागदावर छापली. आज संगणकावर दोन फ्रेम जोडणारा माणूस तेच काम करतो.

वेळेचे गणित

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, त्यामुळे घड्याळाच्या हिशेबात इथला सूर्य त्या रेखांशापेक्षा सुमारे ३५ मिनिटे उशिरा उगवतो. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या किंचित आधी होतो, जानेवारीच्या मध्याला सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. उगवण्याची जागाही वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते. डिसेंबरात ज्या सुळक्यामागून सूर्य आला तिथे तो मे महिन्यात शोधू नये.

सपाट क्षितिजावर सूर्याचे पूर्ण बिंब वर यायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. या वेळी त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतो, म्हणून बिंब लाल आणि मंद असते, फ्रेममध्ये मावते. डोंगराळ भागात हे सुख नाही. समोरचा डोंगर क्षितिजावर ५ अंश उंच असेल तर तो सूर्याला २० ते २५ मिनिटे अडवून धरतो, आणि सूर्य कड्यावरून डोकावतो तेव्हा तो भगभगीत झालेला असतो. अशा जागी बिंबाचा नाद सोडून त्याआधीच्या अर्ध्या तासाच्या रंगांवर भर द्यावा, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे स्पष्ट मत आहे.

एक्स्पोजर

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे तो काळा पाषाण उजळवतो आणि पांढरे धुके मळकट करतो. सूर्योदयाला मोजणी आभाळापासून सुरू करावी, कारण डिजिटल सेन्सरवर एकदा पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही, तर काळोखातला तपशील रॉ फाइलमधून (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) बराच वर काढता येतो. आजचे चांगले सेन्सर कमी आयएसओवर (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १२ ते १४ स्टॉपचा पल्ला टिपतात. सूर्य फ्रेममध्ये असला की हाही पल्ला अपुरा पडतो.

स्पॉट मीटर, म्हणजे फ्रेमचा छोटा ठिपकाच मोजणारा मीटर, सूर्याच्या शेजारच्या आभाळावर धरावा, प्रत्यक्ष सूर्यावर नव्हे. नंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळे ते उजवीकडे पांढरे असा उजेडाचा आलेख, पाहावा, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. पहाटेच्या केशरी आभाळात लाल रंगाचा आलेख सर्वांत आधी उजव्या भिंतीला टेकतो आणि एकत्रित आलेखात ते कळत नाही. घरी आल्यावर सूर्याभोवती सपाट पिवळा डाग दिसतो तो यामुळेच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा पहाटेचा तांबूसपणा दोष समजून पुसू पाहतो. तो डेलाइटवर ठेवावा.

फिल्टर

ग्रॅज्युएटेड एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश रोखणारी), बोलीत जीएनडी, ही अर्धी गडद आणि अर्धी पारदर्शक काच. अमेरिकन छायाचित्रकार गेलन रोवेल यांच्या कामामुळे ती डोंगरी छायाचित्रणात रुळली. काचेवरचा आकडा घनतेचा असतो: दर ०.३ ला एक स्टॉप, म्हणजे ०.६ ची काच २ स्टॉप रोखते, ०.९ ची ३. गडद भागाची कड एकदम तुटत असेल तर ती हार्ड, हळूहळू विरत असेल तर सॉफ्ट. रिव्हर्स प्रकारात सर्वांत गडद पट्टा मध्यावर असतो, कारण सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना सर्वाधिक उजेड तिथेच असतो.

गंगापूर धरणाच्या जलाशयावरचे एक उदाहरण घेऊ. पश्चिम काठावर पूर्वेकडे तोंड करून कॅमेरा लावला आहे, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ (लेन्समधल्या छिद्राचा आकार). आभाळाची मोजणी १/१२५ सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ) येते, पायाजवळच्या दगडांची १/८. फरक ४ स्टॉपचा. इथे ०.९ ची काच लावायचा मोह होतो. पण पाण्यातल्या प्रतिबिंबाची मोजणी १/३० आहे, म्हणजे ते आभाळापेक्षा २ स्टॉप गडद. ३ स्टॉपची काच लावली तर आभाळ स्वतःच्याच प्रतिबिंबापेक्षा गडद होईल. निसर्गात असे कधी घडत नाही, आणि तंत्राचा गंध नसलेल्या माणसालाही ते चित्र पाहताना काहीतरी खटकते. म्हणून ०.६ हीच इथली मर्यादा. दगडांतला उरलेला २ स्टॉपचा अंधार रॉ फाइलमधून उचलावा, किंवा थोडा तसाच राहू द्यावा. पहाटे दगड काळेच दिसतात.

काच होल्डरमध्ये बसवताना एफ/११ वर डेप्थ ऑफ फील्डचे बटण (निवडलेल्या छिद्राने दृश्य दाखवणारे) दाबून धरावे, कारण उघड्या अ‍ॅपर्चरला कड पुसट दिसते आणि जागा चुकते. काच अगदी हळू खाली सरकवली की गडद छाया आभाळातून उतरताना दिसते; ती पलीकडच्या काठाच्या रेषेवर आली की थांबावे. स्थिर काचेपेक्षा सरकती कड डोळ्याला लवकर सापडते.

ही सरळ कड डोंगरात मात्र नडते. सातमाळेतल्या धोडप किल्ल्याच्या कातळभिंतीत जी प्रसिद्ध खाच आहे ती क्षितिजाच्या वर उठलेली आहे. काच लावली की आभाळाबरोबर भिंतीचा माथाही काळवंडतो आणि खाचेचा आकारच मरतो. सुळके, शेंड्या, देवळाचे शिखर असे काही क्षितिज भेदून जात असेल तर जीएनडी पिशवीत ठेवावी आणि ट्रायपॉडवरून तीन फ्रेम घ्याव्यात: मोजलेल्या एक्स्पोजरची एक, २ स्टॉप कमी आणि २ स्टॉप जास्त. अ‍ॅपर्चर न बदलता फक्त शटर स्पीड बदलावा. वाऱ्याने हलणारे गवत तिन्ही फ्रेममध्ये जुळत नाही, एवढी एक खोट राहते.

पोलरायझर, म्हणजे परावर्तित चकाकी रोखणारा फिल्टर (सीपीएल), सूर्याकडे तोंड असताना आभाळावर जवळजवळ निरुपयोगी. त्याचा सर्वाधिक परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर होतो, म्हणजे सूर्योदयाला उत्तर आणि दक्षिणेच्या आभाळावर. सातमाळ रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या दक्षिणेकडच्या गावांतून उत्तरेला पाहिले की सूर्य उजव्या हाताला येतो आणि सीपीएल आपले खरे काम करतो. तिरप्या उन्हात कड्यांचे थर उठून दिसतात, पावसाळ्यानंतरच्या ओल्या गवतावरची चकाकी जाऊन हिरवा रंग भरतो. वाइड लेन्सवर मात्र आभाळाचा एकच तुकडा गर्द निळा होतो. यात सुमारे दीड-दोन स्टॉप प्रकाशही जातो.

साधा एनडी प्रकाश सर्वत्र सारखाच रोखतो आणि पाणी गुळगुळीत करण्यासाठी वापरतात. ६ स्टॉपच्या काचेने १/१५ सेकंदाचे सुमारे ४ सेकंद होतात, १० स्टॉपने एक मिनिटाहून थोडे अधिक. सूर्योदयापूर्वी त्या मिनिटातही उजेड वाढत असतो, म्हणून हिशेबापेक्षा थोडे आधीच शटर बंद करावे.

सूर्य फ्रेममध्ये आला की संरक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन सूर्याची फिकट जुळी प्रतिमा चित्रात उमटते. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः लांब पल्ल्याच्या लेन्सने, सूर्याकडे पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

धुके आणि दव

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे. थंडीत इथे पाण्यावर धुके बसते. आभाळ आणि पाणी यांतला फरक धुकेच कमी करते, म्हणून जीएनडी लागत नाही. उलट मीटरने सांगितलेल्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यावा लागतो, नाहीतर धुके राखेसारखे दिसते. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांकडे पक्षी पाहणाऱ्यांची वर्दळ असते, आणि ट्रायपॉडचे पाय धडाधड आपटून उघडले तर बदके उठतात. ते घरूनच मोकळे करून न्यावेत.

काचेवर दव धरते ते वेगळेच दुखणे. बोटाने पुसलेल्या काचेवर राहिलेला पुसट ओघळ डोळ्याला दिसत नाही, पण सूर्याची पहिली तिरीप पडताच तो फ्रेमभर पांढरा पसरतो. धुतलेले मऊ सुती फडके खिशात, अंगाच्या उबेला ठेवावे.

गोदाघाट

रामकुंड परिसरात अडचण उलटी असते. घाटावरचे दिवे जमीन उजळतात आणि आभाळ काळे असते. सूर्योदयापूर्वी सुमारे २० मिनिटे असा एक टप्पा येतो की निळे आभाळ, दिवे आणि घाटाचा ओला काळा पाषाण एका एक्स्पोजरमध्ये बसतात, फिल्टरशिवाय. तो जेमतेम पाच-सात मिनिटे टिकतो. दिव्याची ज्योत किंवा बल्ब पांढरा पडला तरी चालेल, त्याभोवतीचा उजेड सांभाळावा. याच घाटावर पहाटेपासून दशक्रिया आणि अस्थिविसर्जनाचे विधी चालू असतात. त्या कुटुंबांकडे लेन्स वळवू नये, कॅमेरा नदीच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला लावावा.