घरातून पाठलाग पाहिला असेल तर: पोलीस जबाब, सीसीटीव्ही फुटेज आणि कागदपत्रे

सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर सामसूम असते. त्यामुळे गॅलरीतून पाहिलेल्या पाठलागाचे साक्षीदार कधीकधी तुम्ही एकटेच असता. पाठलाग चालू असतानाच ११२ वर कळवा: वाहनाचा रंग, ते गेलेली दिशा, आत किती जण होते आणि नंबर प्लेटवरचे जेवढे आकडे खरोखर दिसले तेवढेच. उरलेले आकडे अंदाजाने भरू नका, त्याने तपास भलत्याच गाडीमागे जातो. खाली उतरून चित्रीकरण करू नका.

साक्षीदार होण्यासाठी अर्ज नसतो आणि वयाची अटही नाही. प्रश्न समजून नीट उत्तर देऊ शकणाऱ्या कुणाचीही, अगदी लहान मुलाचीही, साक्ष चालते. घर भाड्याचे असो किंवा तुम्ही तिथे पाहुणे असा, फरक पडत नाही. मात्र ज्याने पाहिले त्यानेच जबाब द्यायचा. बायकोने पाहिले आणि नवऱ्याने सांगितले, तर ती ऐकीव माहिती ठरते.

तपास अधिकारी स्वतःच्या किंवा लगतच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलावू शकतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १७९). महिला, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. स्वतःहून जायचे असेल तर जाता येते. आधार किंवा दुसरे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत असू द्या. गुन्हा आधीच नोंदला असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर टिपून घ्या, पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तो लागतो.

‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ अशी जबाबाची सुरुवात होते आणि पुढचा मजकूर पोलीस त्यांच्या भाषेत टाइप करतात. घोळ इथेच होतो. तुम्ही ‘पांढरी गाडी’ म्हणता, कागदावर कंपनी आणि मॉडेल येते. तुम्ही ‘साधारण चार वाजता’ म्हणता, तिथे ‘१६.०५ वा.’ उमटते. न्यायालयात उलटतपासणी या शब्दांवरच होते, म्हणून पूर्ण वाचून घ्या आणि जागच्या जागी दुरुस्त करायला लावा. किती अंतरावरून पाहिले, मध्ये झाड किंवा जाळी होती का, उजेड कसा होता, हेही त्यात यायला हवे. अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कलम १८१ तसे स्पष्ट सांगते. पंचनाम्याचे वेगळे आहे, त्यावर पंचांच्या सह्या होतात. म्हणून सही मागितली तर आधी कागद कोणता आहे ते पाहा.

कॅमेरा असेल तर खरी घाई तिथे करायची. डीव्हीआरची (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) हार्डडिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. त्याच दिवशी घटनेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे धरून सलग भाग पेनड्राइव्हवर उतरवा. फाइल यंत्राच्या मूळ फॉरमॅटमध्येच ठेवा, कापू नका, वेग किंवा उजेड बदलू नका. डीव्हीआरचे घड्याळ पुढेमागे असेल तर दुरुस्त न करता मोबाइलच्या वेळेशी किती फरक आहे तो लिहून ठेवा आणि जबाबात सांगा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकाराने लहान केली जाते (कॉम्प्रेस होते) आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, मूळ फाइलशी जुळत नाही. अधिकाऱ्याला झटपट दाखवायला ती ठीक, पुरावा म्हणून पेनड्राइव्हच द्या.

पेनड्राइव्हसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे. भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो: मेक, मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, यंत्र त्या काळात नीट चालू होते हे विधान आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (उदा. एसएचए-२५६). भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. कॅमेरा सोसायटीचा असेल तर भाग ‘अ’ वर तुमची सही चालत नाही, त्याची देखरेख करणाऱ्या पदाधिकाऱ्याची लागते. प्रमाणपत्राशिवाय दिलेल्या प्रतीचे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब बाबत, स्पष्ट केले: प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ यंत्रच न्यायालयात हजर झाले आणि मालकाने ते शाबीत केले तर मात्र त्याची गरज नाही.

पोलिसांनी डीव्हीआर किंवा मोबाइल जप्त केला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात सिरीयल नंबर बरोबर आहे का ते तपासा. मुद्देमाल झालेली वस्तू सुपूर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) परत मिळवण्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, सोबत खरेदीचे बिल जोडा.

पाठलागात तुमची उभी गाडी ठोकली गेली असेल, तर तुम्ही नुसते साक्षीदार राहत नाही, फिर्यादीही होऊ शकता. फिर्यादीवर सही करावी लागते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. पंचनामा आणि विमा कंपनीची पाहणी होईपर्यंत गाडी शक्यतो हलवू नका, हलवावीच लागली तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. दाव्याला पॉलिसी, आरसी, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत लागते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचे असेल तर मुदत अपघातापासून सहा महिने.

व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका आणि आरोपीचा फोटो कुणी दाखवला तर पाहू नका. ओळख परेडच्या (अनेकांमधून आरोपी ओळखायला लावण्याच्या) आधी चेहरा पाहिल्याचे निघाले, तर बचाव पक्ष तुमची ओळख पटवणे निकामी करून टाकतो.

धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करता येतो, पण सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या आणि काही ठरावीक गुन्ह्यांतच. निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. धमकीचा मेसेज, कॉलची नोंद, आलेली चिठ्ठी, जे असेल ते तारखेसह अर्जाला जोडा.